आडनाव एकच निघालं म्हणून गाव सोडलं, आणि पुढं त्याच गावावर लिहिता लिहिता तो गेला

हक्का म्हटलं की आपल्याला आधी नूडल्स आठवतात. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण फारसा विचार न करता एक प्लेट सांगतो. पण हक्का हा काही खायचा पदार्थ नाही, तो एक समाज आहे. चिनी भाषेत या शब्दाचा अर्थ होतो पाहुणी घराणी. दक्षिण चीनच्या डोंगराळ भागातून शेकडो वर्षं हे लोक जमिनीच्या शोधात फिरत राहिले. जिथं गेले तिथं आधीच कुणीतरी बसलेलं असायचं, म्हणून नाव पडलं पाहुणे. यातलेच काही कोलकात्यात आले आणि त्यांच्यामुळे नूडल्सना हे नाव मिळालं. काही जण समुद्र ओलांडून तैवानला गेले.

आजची गोष्ट तैवानच्या दक्षिणेतल्या अशाच एका हक्का गावाची आणि तिथल्या एका लेखकाची आहे. त्याचं नाव चुंग ली-हो. आज तैवानमध्ये त्याच्या नावाचं स्मारक आहे, त्याच्या आयुष्यावर सिनेमा आहे आणि त्याचं साहित्य अभ्यासलं जातं. पण तो जिवंत असताना त्याचं फक्त एक पुस्तक छापून आलं होतं आणि तेही तैवानमध्ये नाही.

त्याला समजून घ्यायचं तर आधी गाव बघावं लागतं, कारण या माणसाचं सगळं भांडण गावाशी होतं आणि सगळं प्रेमही गावावरच होतं.

गावाचं नाव मेइनोंग. तीन बाजूंनी डोंगर आणि मध्ये सपाट जमीन. १७३६ मध्ये लिन आडनावाच्या दोन भावांनी काही कुटुंबं बरोबर घेऊन इथं पहिली वस्ती केली. आल्या आल्या त्यांनी काय केलं, तर डोंगराच्या पायथ्याशी देवाचं ठाणं मांडलं आणि जमिनीच्या, डोंगराच्या, पाण्याच्या देवांकडे राहायची परवानगी मागितली. त्याचा शिलालेख गावात होता. नांगर नंतर, देव आधी.

हा देव म्हणजे बाक-गुंग. हक्का बोलीत या शब्दाचा अर्थ होतो आजोबांचे थोरले भाऊ. थोडक्यात, घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. बाक-गुंगला मोठं देऊळ लागत नाही. झाडाखाली एक दगड, मागे मातीचा अर्धगोल उंचवटा, पुढे उदबत्ती लावायला जागा, झालं. शेताच्या बांधावर बाक-गुंग, पाटाच्या तोंडाशी बाक-गुंग, पुलाजवळ बाक-गुंग. मेइनोंगमध्ये अशी शेकडो ठाणी आहेत. माणूस सकाळी शेतावर जाताना थोरल्या आजोबांना चहा ठेवणार आणि मग कुदळ उचलणार, अशी रीत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती पुढं लागणार आहे. लिहिलेला कागद इथं पायदळी तुडवायचा नाही, केरात टाकायचा नाही. त्यासाठी गावात विटांचा एक छोटा मनोरा बांधलेला आहे. अक्षरं असलेला कागद त्यात नेऊन जाळायचा, राख साठवून ठेवायची आणि वर्षातून एकदा वाजतगाजत मिरवणुकीने नेऊन नदीत सोडायची. शेतकरी लोक, बहुतेकांना वाचता येत नव्हतं, पण अक्षराला देवासारखं मानायचे.

शेजारच्या समाजांशी आणि डोंगरातल्या मूळ रहिवाशांशी या वस्त्यांचे सतत खटके उडायचे. १७२१ मध्ये बेटावर मोठं बंड झालं तेव्हा या भागातल्या हक्का गावांनी आपापल्या लढाऊ तुकड्या उभ्या केल्या होत्या. पुढं या सगळ्या पट्ट्याला सहा तुकड्यांचा मुलूख असंच नाव पडलं. इतकी घट्ट बांधलेली गावं. अशा गावात परक्यापासून संरक्षण मिळतं, पण नियम मोडणाऱ्या आपल्या माणसाला तेवढीच घट्ट मूठ आवळलेली मिळते.

१८९५ मध्ये चीन जपानकडून युद्ध हरला आणि तैवान जपानच्या हवाली केलं. या पट्ट्यातल्या हक्कांनी हत्यारं उचलली, पण तोफांपुढं टिकणं शक्य नव्हतं. मग नव्या राजवटीने कामाला सुरुवात केली आणि सगळ्यात आधी हात घातला तो जमिनीला. ज्या रानाचा मालकीचा कागद दाखवता येत नाही ते सरकारचं, असा नियम त्याच वर्षी आला. आता पिढ्यान् पिढ्या लोक डोंगरावर जाऊन सरपण आणत होते, बांबू तोडत होते, गुरं चारत होते. त्याचा कागद कुणाकडे असणार? एका फटक्यात गावाचा डोंगर सरकारजमा झाला. पुढं त्यातले तुकडे कंपन्यांना आणि पैसेवाल्यांना मिळत गेले.

जपान्यांनी नुसतं घेतलंच असं नाही, हेही सांगायला पाहिजे. १९०९ च्या सुमारास मेइनोंगजवळ पाण्यावर चालणारं वीजघर उभं राहिलं आणि त्याचं पाणी कालव्याने शेतात आलं. कोरडवाहू जमिनीत भात उभा राहिला. त्याच सुमारास नदीकाठच्या माळावर एका जपानी भांडवलदाराच्या कंपनीने मोठा मळा काढला आणि उत्तरेतल्या शिनचू, म्याओलीकडून हक्का कुळं आणून वसवली. १९२० मध्ये गावाचं नावसुद्धा बदललं. मेइनोंग हे जपान्यांनी दिलेलं नाव, आधीचं नाव मिनोंग. १९३० च्या दशकाच्या शेवटी सरकारी मक्तेदारीची तंबाखू आली आणि भाताच्या खाचरांमध्ये तंबाखू भाजायच्या उंच भट्ट्या दिसायला लागल्या. पुढं मेइनोंग तैवानच्या तंबाखूची राजधानीच झालं.

या सगळ्या उलथापालथीच्या मधोमध चुंग ली-होचा जन्म झाला, १९१५ मध्ये, मेइनोंगपासून जवळच्या पिंगतुंग भागातल्या एका हक्का गावात.

घर पैसेवाल्याचं. वडील चुंग फान-शू म्हणजे त्या भागातलं बडं प्रस्थ, जमीन, व्यापार, सगळं होतं. त्यांना दोन बायका. ली-हो एकीचा आणि त्याच वर्षी काही दिवसांच्या अंतराने दुसरीला झालेला हाओ-तुंग. दोघं भाऊ एकत्र वाढले, एकाच शाळेत गेले. प्राथमिक शाळेनंतर हाओ-तुंगला वरच्या शाळेत प्रवेश मिळाला आणि ली-हो परीक्षेत नापास झाला. हा घाव त्याला लागला. पण नापास झाल्यामुळे एक झालं. जपानी शाळेऐवजी तो गावातल्या जुन्या पद्धतीच्या चिनी शाळेत जाऊन बसला. चिनी अक्षरं पक्की झाली. मग जुन्या कादंबऱ्या, मग मुख्य भूमीवरून येणारं नवं साहित्य, लू शुन वगैरे, जे मिळेल ते वाचायला लागला. घरात बोली हक्का, सरकारची भाषा जपानी आणि लिहायची भाषा पुस्तकातून शिकलेली चिनी. ज्या भाषेत तो आयुष्यभर लिहिणार होता ती त्याच्या आजूबाजूला कुणी बोलतच नव्हतं. भाऊच त्याला म्हणायचा की तू लिही, तुला जमेल.

१९३२ च्या सुमारास वडिलांनी मेइनोंगच्या डोंगरात मोठी जमीन घेतली आणि मळा काढला. कॉफी लावायची असं त्यांच्या डोक्यात होतं. सतरा-अठरा वर्षांचा ली-हो देखरेखीला तिथं राहायला गेला.

मळ्यावर काम करायला गावातल्या बायका यायच्या. हक्का बायकांबद्दल एक गोष्ट सगळ्या चीनमध्ये प्रसिद्ध होती. त्यांनी कधी पाय बांधून घेतले नाहीत. नांगरट, लावणी, डोंगरावरून ओझी वाहणं, सगळं त्या करायच्या. काम करता करता डोंगरावर गाणी म्हणायच्या. या बायकांमध्ये एक होती थाई-मेई. गरीब घरची, कष्टाळू, बोलायला ठाम. मालकाचा पोरगा तिच्या प्रेमात पडला.

मालक आणि मजूर हा अडथळा होताच, पण खरी अडचण वेगळीच निघाली. तिचंही आडनाव चुंग.

आता दोघांचं नातं होतं का? जवळचं कसलंच नाही. पण हक्का रिवाजाप्रमाणे एक आडनाव म्हणजे एक पूर्वज, आणि एका पूर्वजाच्या पोरांनी लग्न करायचं म्हणजे भावाबहिणीनं लग्न करणं. सगोत्र म्हणा हवं तर, पण त्याहून कडक. हा नुसता समाजाचा नियम नव्हता, धर्माचा होता. प्रत्येक घराच्या मुख्य दालनात पूर्वजांच्या नावाची पाटी असते, तिच्यापुढं रोज धूप लागतो. असं लग्न झालं तर त्या पाटीपुढं उभं कुठल्या तोंडाने राहायचं? पूर्वज कोपतात, पोरंबाळं धड निपजत नाहीत, अशी सगळ्यांची पक्की समजूत. वडिलांनी साफ नकार दिला. आई नाही म्हणाली. गावात कुजबुज सुरू झाली.

तो काही फार धाडसी स्वभावाचा होता असं त्याच्या लिखाणावरून वाटत नाही. उलट स्वतःला भित्रा म्हणवून घेणाऱ्यातला होता. पण १९३८ मध्ये तो एकटाच उठला आणि थेट मांचुरियाला गेला. मांचुरिया तेव्हा जपानच्याच ताब्यातलं होतं, म्हणजे साम्राज्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मुकदेन शहरात जाऊन तो मोटार चालवायला शिकला. पोट भरायचं साधन हातात आलं की तिला न्यायचं, इतका साधा बेत होता. दोन वर्षांनी, १९४० मध्ये, तो परत आला आणि थाई-मेईला घेऊन गेला. पळवून नेलं असं गाव म्हणालं. ती स्वतःच्या पायाने गेली होती.

मुकदेनला १९४१ मध्ये पहिला मुलगा झाला, तिए-मिन. त्याच वर्षी ते बेजिंगला गेले, तेव्हा त्या शहराला बेइफिंग म्हणायचे. तेही जपानी ताब्यात. काही महिने दुभाष्याची नोकरी केली, पण जपान्यांसाठी चिनी लोकांशी बोलायचं हे काम त्याला सोसलं नाही. सोडलं. मग कोळशाचं दुकान टाकलं. दिवसा कोळसा विकायचा आणि रात्री लिहायचं. १९४५ मध्ये तिथंच त्याचं कथांचं पुस्तक निघालं, ‘कण्हेर’ या अर्थाच्या नावाचं. एका वाड्यात राहणाऱ्या भाडेकरूंच्या दारिद्र्याच्या आणि कोतेपणाच्या या गोष्टी. ज्या मुख्य भूमीला घरातली म्हातारी माणसं मूळ देश म्हणायची तिचं हे चित्र बिलकुल गोड नव्हतं.

मग जपान हरला. आता तरी आपण आपल्या लोकांत आलो असं तैवानी माणसाला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. बेइफिंगमधल्या चिन्यांना तैवानी म्हणजे जपान्यांचे हस्तक वाटायचे. तैवानचा आकार रताळ्यासारखा, म्हणून तैवानी लोक स्वतःला रताळी म्हणत. ली-होने रताळ्याच्या दुःखावर एक लेख लिहिला, ज्याला जपान्यांनी चिनी म्हणून हाकललं आणि चिन्यांनी जपानी म्हणून. १९४६ मध्ये बायको-पोरांना घेऊन तो निर्वासितांच्या जहाजाने घरी परतला.

इथून पुढची गोष्ट वाचायला जड आहे.

परत आल्यावर त्याला नेइफू गावच्या शाळेत मास्तरकी मिळाली. वर्षही नीट झालं नाही आणि टीबीचं निदान झालं. १९४७ मध्ये तो तैपेईच्या सुंगशान सॅनेटोरियममध्ये दाखल झाला आणि तीन वर्षं तिथंच पडून राहिला. औषधासाठी वाट्याला आलेली जमीन विकली. १९५० मध्ये डॉक्टरांनी छाती उघडून त्याच्या फासळ्या काढल्या, आजारी फुप्फुस दाबून बसवायची ती तेव्हाची पद्धत होती. जगेल की नाही याची खात्री नव्हती. जगला.

हाओ-तुंग, बरोबरीने वाढलेला भाऊ, तोपर्यंत कीलुंग शहरातल्या शाळेचा मुख्याध्यापक झाला होता. मुख्य भूमीवर कम्युनिस्टांकडून हरून तैवानला आलेलं कुओमिनतांगचं सरकार तेव्हा कम्युनिस्ट शोधून काढत होतं. हाओ-तुंगच्या भोवतीचे लोक गुप्त वर्तमानपत्र काढत होते. १९४९ मध्ये त्याला पकडलं आणि १४ ऑक्टोबर १९५० रोजी तैपेईत गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात ली-हो फासळ्या काढलेल्या अवस्थेत हॉस्पिटलमधून सुटून घरी आला. तू लिही असं सांगणारा माणूस गेला होता आणि त्याच्याबद्दल उघडपणे लिहायची सोय नव्हती. पुढची दहा वर्षं या घरावर संशयाची सावली होती.

मेइनोंगला परतल्यावर त्याने जे गाव पाहिलं त्यावर चार कथा लिहिल्या. त्या मालिकेचं नावच ‘जन्मगाव’. त्यातली एक कथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. ती डोंगरातल्या वणव्याची. युद्ध संपलंय, पाऊस नाही, भात वाळलाय, खायला नाही. अशात अफवा पसरते की आकाशातून आग पडणार आहे. मग लोक काय करतात, तर आकाशातली आग यायच्या आत स्वतःच डोंगर पेटवून देतात. म्हणजे जे जळायचं ते जळून जाईल आणि देवाचा राग शमेल. झाडं, बांबू, मेहनतीने लावलेले मळे सगळे काळेठिक्कर.

शिकलेला लेखक असल्या गोष्टीवर एकतर हसतो नाहीतर चिडतो. या कथेतला निवेदक पहिल्यांदा चिडतोच. पण ली-हो तिथं थांबत नाही. पन्नास वर्षांत दोन राजवटी बदललेल्या, डोंगर सरकारने घेतलेला, युद्धात पोरं जपानच्या फौजेत गेलेली, युद्धाच्या काळात जपान्यांनी तैवानमधल्या कितीतरी देवळांमधल्या मूर्ती गोळा करून जाळलेल्या. ज्यांच्या हातात काहीच उरलं नाही त्या माणसांना निदान काडी ओढणं तरी जमत होतं, असं ही कथा वाचताना जाणवतं. दुसऱ्या एका कथेत आ-ह्वांग काका नावाचा माणूस आहे. ऐन तारुण्यात सगळ्या मुलखात त्याच्यासारखा कामाला वाघ नाही. परत आल्यावर निवेदकाला तो दिसतो तेव्हा खोपटात लोळत पडलेला, घाणीत, आळशी. कारण त्याला हिशेब कळलाय की जेवढं जास्त राबू तेवढं गरीब होतो. आळस हा या कथेत दुर्गुण नाही, निष्कर्ष आहे.

या चारही कथा त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. सरकारला तेव्हा कम्युनिस्टांविरुद्ध लढणारं साहित्य पाहिजे होतं, उपाशी शेतकऱ्यांचं नाही.

घर कोण चालवत होतं? थाई-मेई. नवरा तीन वर्षं हॉस्पिटलात, मग अंथरुणावर. ती दुसऱ्यांच्या शेतावर जायची, डुकरं पाळायची आणि पैसे कमी पडले की रात्री डोंगरावर जाऊन लाकूड वाहून आणायची. म्हणजे कायद्याच्या भाषेत लाकूडचोरी. एकेकाळी हाच डोंगर गावाचा होता. जपान्यांनी तो सरकारचा केला, जपानी गेले, नवं सरकार आलं, पण डोंगर काही परत मिळाला नाही. फक्त पहारेकऱ्यांचा गणवेश बदलला. याच डोंगरात वडिलांनी मळा काढला तेव्हा सरपणाला येणाऱ्या गावकऱ्यांशी मालकाचे कसे खटके उडतात हे ली-होने कादंबरीत लिहिलंय, आणि आता त्याच मालकाची सून पहारेकऱ्यांपासून पळत होती. ‘दरिद्री नवराबायको’ अशा अर्थाच्या नावाच्या कथेत त्याने ती रात्र लिहिली आहे. नवरा घरी स्वयंपाक करून, पोरांना जेवू घालून वाट बघतोय, आणि बायको खांद्यावर ओंडका घेऊन अंधारात धडपडत येतेय. कथेत तिचं नाव पिंग-मेई आहे. माझ्या मते तैवानच्या साहित्यातलं हे सगळ्यात खरं प्रेमप्रकरण आहे, आणि त्यात प्रेमाचं एक वाक्य सापडणार नाही.

गावाने त्यांना माफ केलं होतं का? एका आडनावाच्या लग्नावर त्याने जी कथा लिहिली त्यात एक प्रसंग आहे. शेजारची बाई नीट बोलायलाही न लागलेल्या पोराला विचारते की बाळा, तुला पाय किती? चार ना? म्हणजे हे जनावराचं पिल्लू, कारण एका आडनावात लग्न जनावरंच करतात. बाई हसत विचारते. पोराला काही कळत नाही, आईला कळतं.

आणि मग जणू गावाच्या शापावर शिक्का बसावा तसं घडलं. थोरल्या तिए-मिनला मणक्याचा टीबी झाला आणि पाठीला कायमचं कुबड आलं. १९५४ मध्ये धाकटा ली-मिन न्यूमोनियाने गेला. नऊ वर्षांचा होता. आता याला कारण टीबी होतं, दारिद्र्य होतं, बापाच्या खोकल्याबरोबर एका खोलीत वाढलेली पोरं होती. पण गावाकडे उत्तर आधीपासून तयार होतं. बापालाही ते उत्तर माहीत होतं. धाकट्या मुलावर त्याने जे लिहिलं त्यात तो गावाला दोष देत नाही, स्वतःला देतो. सगळं आयुष्य ज्या समजुतीविरुद्ध उभं राहण्यात गेलं, तीच समजूत मुलाच्या थडग्यापुढं त्याला आतून पोखरत होती.

अशा अवस्थेत या माणसाने कादंबरी पूर्ण केली. ‘लीशानचा मळा’. लीशान म्हणजे शेतकऱ्याच्या बांबूच्या टोपीसारखा दिसणारा डोंगर. वडिलांचा मळा, रोगाने बसलेली कॉफी, डोंगरावरची गाणी, एका आडनावाचे दोन प्रेमी, सगळं त्यात आहे. १९५६ मध्ये या कादंबरीला सरकारी पाठबळाच्या एका मोठ्या स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस कुणालाच दिलं नव्हतं, म्हणजे खरंतर हाच पहिला. आता पुस्तक येणार म्हणून घर आनंदात. आणि बक्षीस देणारी संस्थाच बंद पडली. कादंबरी छापली नाहीच, वर हस्तलिखित परत मिळवायला त्याला कागदावर कागद खर्च करावे लागले.

१९५७ मध्ये त्याला पहिल्यांदा सोबती मिळाले. उत्तरेत राहणारा चुंग चाओ-चेंग नावाचा तरुण हक्का लेखक स्वतः स्टेन्सिल कापून एक छोटं परिपत्रक काढायचा आणि मोजक्या तैवानी लेखकांना पोस्टाने पाठवायचा. (आडनाव इथंही तेच. या वेळी कुणाची हरकत नव्हती.) दोघांमध्ये खूप पत्रं झाली. कथा एकमेकांना पाठवायच्या, चुका काढायच्या, कुठल्या संपादकाने परत केली ते कळवायचं. दोघं आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. मेइनोंगहून उत्तरेला जायला ली-होकडे ना पैसे होते ना फुप्फुस. दस्तलेखनिकाच्या कचेरीत किरकोळ काम करून तो संसाराला हातभार लावायचा. लिहायला टेबल नव्हतं म्हणून अंगणात झाडाखाली वेताच्या खुर्चीत बसून मांडीवर फळी घेऊन लिहायचा. शेवटच्या दोनेक वर्षांत एका मोठ्या दैनिकाच्या पुरवणीच्या संपादक लिन हाय-यिन यांनी त्याच्या कथा छापायला सुरुवात केली तेव्हा कुठं लोकांना हे नाव कळलं.

४ ऑगस्ट १९६० रोजी तो ‘पाऊस’ नावाच्या दीर्घकथेवर शेवटचा हात फिरवत होता. दुष्काळात पावसाची वाट बघणाऱ्या गावाची ती कथा. खोकल्याची उबळ आली, रक्त पडलं ते हातातल्या कागदांवर, आणि तो गेला. वय ४४.

जायच्या आधी त्याने मुलाला दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. माझं सगळं लिखाण जाळून टाका, आणि या घरात पुन्हा कुणी साहित्याच्या वाटेला जाऊ नका. ‘लीशानचा मळा’ डोळ्यांदेखत छापून आला नाही ही एकच खंत राहिली, असंही म्हणाला. ज्या गावात अक्षराचा कागद मनोऱ्यात नेऊन आदराने जाळतात तिथल्या माणसाने कागद जाळा म्हणणं याचा अर्थ काय घ्यायचा? वैतागून म्हणाला असेल. साहित्याने घराला जे भोगायला लावलं त्याची त्याला शरम वाटत असेल. मला तर वाटतं ज्याला खरंच जाळायचं असतं तो पुस्तक न निघाल्याची खंत करत बसत नाही.

मित्रांनी ऐकलं नाही. लिन हाय-यिन, चुंग चाओ-चेंग आणि इतरांनी पैसे गोळा केले. ‘पाऊस’ हे पुस्तक त्याच्या मृत्यूच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला निघालं आणि ‘लीशानचा मळा’ १९६१ मध्ये वर्षश्राद्धाला. जिवंतपणी न मिळालेलं पुस्तक मेलेल्या माणसापुढं नेऊन ठेवलं, पूर्वजांपुढं नैवेद्य ठेवतात तसं. १९७६ मध्ये त्याचं समग्र साहित्य आठ खंडांत आलं. १९८० मध्ये ली शिंग या दिग्दर्शकाने त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढला आणि ज्या जोडप्याला गावाने तोंड फिरवलं होतं त्यांची प्रेमकथा बघायला तैवानभर लोकांनी तिकिटं काढली.

मुलानेही ऐकलं नाही. कुबड घेऊन तिए-मिन शिकला, शाळेत मास्तर झाला आणि लेखकही झाला. १९८३ मध्ये लीशानच्या पायथ्याशी, जुन्या मळ्याच्या जागेजवळ, ली-होचं स्मारक उघडलं. लोकांनी स्वतः पैसे उभे करून एखाद्या तैवानी लेखकासाठी उभं केलेलं हे पहिलं स्मारक. जाळायला सांगितलेली हस्तलिखितं तिथं जपून ठेवलेली आहेत.

१९९० च्या दशकात सरकारने मेइनोंगच्या वरच्या खोऱ्यात मोठं धरण बांधायचं ठरवलं. धरण झालं तर दरी पाण्याखाली आणि फुटलं तर गाव. ज्यांच्या आज्यापणज्यांनी १७३६ मध्ये डोंगर आणि पाण्याच्या देवाची परवानगी घेऊन वस्ती केली ते लोक विरोधात उभे राहिले. बाक-गुंगपुढं उदबत्त्या लावून निघायचे आणि तैपेईला संसदेसमोर जाऊन डोंगरावरची गाणी म्हणायचे. गावकऱ्यांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष तिए-मिन होता, तोच चार पायांचा म्हणून हिणवलेला मुलगा. २००० मध्ये धरणाचा प्रस्ताव बाजूला पडला.

थाई-मेई स्मारकाशेजारच्या घरात राहायची. ती नव्वदी ओलांडून २००८ मध्ये गेली. तिए-मिन २०११ मध्ये.